बॅलन्स शीट वाचायला बसलो आणि तिथंच गाडी बंद पडली, कुठून सुरू करू?

टॉवेलवाल्याचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, मेकॅनिकल डिप्लोमा, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. कॉमर्सचा आणि माझा संबंध एवढाच की दहावीनंतर काका म्हणाले कॉमर्स घे आणि मी नाही म्हटलो. मागच्या दोन वर्षांत टेलिग्रामवरच्या टिपा बघून शेअर घेतले, सांगायला लाज वाटते पण गाडीच्या डाउन पेमेंटचे पैसे त्यात गेले. चूक माझीच, ज्या कंपनीचे शेअर घेतले ती नक्की बनवते काय हे पण तेव्हा माहीत नव्हतं.

आता ठरवलंय की स्वतः वाचून कळल्याशिवाय एक रुपया टाकायचा नाही. म्हणून रविवारी एका कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड केला. २८४ पानं! पहिली साठ-सत्तर पानं नुसती झाडं लावतानाचे आणि शाळेत दप्तरं वाटतानाचे फोटो, मग चेअरमन साहेबांचं पत्र, ते वाचलं तर सगळं एवढं भारी चाललंय की लगेच शेअर घ्यावासा वाटायला लागला. मग बॅलन्स शीट आली आणि तिथंच अडकलो.

सेल ८२,४०० बघून मला वाटलं कोटी, म्हटलं बापरे सोलापुरात कुणाला माहीत कसं नाही, तर मित्र म्हणाला बे वर बघ, कोपऱ्यात बारीक अक्षरात लाखात लिहिलंय. म्हणजे ८२४ कोटी. रिझर्व्ह ३१० कोटी दाखवलेत, मग एवढे पैसे पडून असताना कर्ज कशाला काढलंय? नफा ४१ कोटी, पण कॅश फ्लोमध्ये धंद्यातून आलेले पैसे कंसात (६५०), कंस म्हणजे वजा हे गूगल केल्यावर कळलं, म्हणजे साडेसहा कोटी वजा. नफा झालाय तर पैसे वजा कसे? आणि सगळं दोन-दोनदा छापलंय, स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड, यातलं खरं कुठलं?

यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण पंधरा रेशो सांगतो आणि शेवटी कोर्स विकतो. मला पाया कळायला हवा. घरी पप्पांचे चार माग आहेत (पूर्वी बारा होते), टॉवेलचा धंदा, पण त्यांचा हिशोब लाल वहीत, त्याचा इथं उपयोग होईल असं वाटत नाही.

बाळीवेस_बुल:

कशाला डोकं खपवायलास बे. इंडेक्स फंडात एसआयपी लाव आणि गप गड्ड्याच्या जत्रेत जाऊन आकाशपाळण्यात बस. वर-खाली तिथं पण होतंय, तिकीट स्वस्त पडतंय.

टॉवेलवाल्याचा_पोरगा:

एसआयपी चालूच आहे दादा. पण शिकायचंय, इंजिन उघडल्याशिवाय झोप येत नाही तसं झालंय.

आर्टिकलशिप_संपेना:

सीएची आर्टिकलशिप करतेय, त्यामुळे दिवसभर हेच बघते. प्रश्न चांगले आहेत, खरं तर रिझर्व्हवाला प्रश्न माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी कधी विचारलाच नाही, पाठ करून पुढे गेले.

रिझर्व्ह म्हणजे तिजोरीत ठेवलेले पैसे नाहीत. कंपनीनं आजवर कमावलेल्या नफ्यातला जो भाग डिव्हिडंड म्हणून वाटला नाही, तो तिथं साठत जातो, शिवाय शेअर दर्शनी किमतीपेक्षा महाग विकले असतील तर तो प्रीमियमही त्यातच. म्हणजे हा आकडा फक्त एवढंच सांगतो की पैसे आले कुठून. ते गेले कुठे हे समोरच्या बाजूला बघायचं, मशिनरीत, इमारतीत, मालात, उधारीत. तुमच्या घरचंच घ्या. वडिलांनी वीस वर्षांच्या कमाईतून माग घेतले, शेड बांधलं. कमाई झाली होती हे खरं, पण आज कुणी म्हटलं ती कमाई काढून दाखवा तर शेडच दाखवावं लागेल ना? म्हणून ३१० कोटी रिझर्व्ह असलेली कंपनी पगाराला कर्ज काढू शकते, त्यात विचित्र काही नाही. रोख किती आहे ते बघायला कॅश अँड बँक बॅलन्सची वेगळी ओळ असते.

लाख-कोटीचा घोळ सगळ्यांचाच होतो. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्युल ३ मध्ये बॅलन्स शीटचा साचा ठरवून दिलाय आणि आकडे कशात द्यायचे तेही. एकूण उत्पन्न १०० कोटी किंवा जास्त असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटीत. त्यामुळे एक कंपनी लाखात देते, दुसरी कोटीत आणि तिसरी दशलक्षात. दोन कंपन्या शेजारी ठेवून बघताना आधी कोपरा बघायचा, मग आकडा.

स्टँडअलोन म्हणजे फक्त ती कंपनी, कन्सॉलिडेटेड म्हणजे तिच्या पोटातल्या उपकंपन्या धरून अख्खं कुटुंब. वाचताना कन्सॉलिडेटेड धरा, पण दोन्हींत फार फरक असेल तर थांबून बघा, की मोठा भाऊ कमावतोय आणि धाकटा उडवतोय असं तर नाही.

आणि रिपोर्ट मागून वाचायला घ्या. चेअरमनचं पत्र शेवटी. सुरुवात ऑडिटरच्या रिपोर्टपासून, त्यात ओपिनियन नावाचा परिच्छेद पहिलाच असतो. साधं अनमॉडिफाइड असेल तर पुढे चला, 'क्वालिफाइड' शब्द दिसला तर त्याखालचा आधाराचा परिच्छेद दोनदा वाचा, कारण ऑडिटर कुठल्यातरी गोष्टीवर 'हे सोडून बाकी ठीक' म्हणतोय आणि 'हे' म्हणजे काय ते तिथंच लिहिलेलं असतं. त्यानंतर की ऑडिट मॅटर्स, ऑडिटरला कुठल्या आकड्यांवर जास्त घाम गाळावा लागला ते. हे लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये असतंच. मग कॅश फ्लो, मग बॅलन्स शीट, मग पी अँड एल (नफा-तोट्याचा तक्ता), आणि प्रत्येक मोठ्या आकड्यासमोर नोट नंबर असतो त्या नोटवर जायचं. खरा माल नोट्समध्ये आहे. माझे सर म्हणतात पुढचं पान हे दुकानाची पाटी आणि नोट्स म्हणजे गोडाऊन.

एक राहिलं, दर तीन महिन्यांनी निकाल येतात ते दोन-चार पानी असतात, त्यात एवढ्या सविस्तर नोट्स नसतात आणि बॅलन्स शीट, कॅश फ्लो फक्त सप्टेंबर आणि मार्चच्या निकालात मिळतो. त्यामुळे डिसेंबरच्या निकालात नफा दुप्पट झाला म्हणून कुणी नाचायला लागलं तर त्याला पैशाचं विचारा, उत्तर त्या कागदात नसतंच.

बाळीवेस_बुल:

ताई एवढं सगळं करण्यापेक्षा पीई (शेअरची किंमत भागिले एका शेअरमागचा नफा) बघा आणि मोकळे व्हा. कमी पीई म्हणजे स्वस्त, जास्त म्हणजे महाग. झालं.

आर्टिकलशिप_संपेना:

पीईच्या खालचा ई, म्हणजे नफा, कुठून आला ते न बघता? कंपनीनं जुन्या प्लांटची जमीन विकली तर तो नफा 'एक्सेप्शनल आयटम' किंवा 'अदर इन्कम'मध्ये येतो, त्या वर्षी नफा फुगतो, पीई एकदम स्वस्त दिसतो. पुढच्या वर्षी विकायला जमीन कुठाय?

रेशोच हवे असतील तर कॅल्क्युलेटर पण लागत नाही. मार्च २०२१ मध्ये शेड्युल ३ बदललं, तेव्हापासून कंपनीला नोट्समध्ये ११ रेशो स्वतःच छापावे लागतात, करंट रेशो, डेट-इक्विटी, उधारी किती वेळा फिरली, माल किती वेळा फिरला वगैरे, आणि एखादा रेशो मागच्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त हलला तर कारण लिहावं लागतं. ती कारणं वाचायला मजा येते. काही जण खरं कारण देतात, आणि काही लिहितात 'उधारी वाढल्यामुळे उधारीचा रेशो बदलला'. जे असं लिहितात त्यांच्याबद्दल माझं मत मी राखून ठेवते.

सीसी_लिमिट_काका:

पोरा, ताईंनी नीट सांगितलंय. मी फक्त तुझ्या 'नफा आहे तर पैसे वजा कसे' एवढ्याला हात घालतो, कारण ३१ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात मी तेवढंच केलं. आणि वडिलांच्या लाल वहीचा उपयोग नाही म्हणालास ते मात्र चूक आहे.

समज एक टॉवेलवाला आहे. वर्षात ६० लाखांचा माल विकला. सूत ३६ लाख, मजुरी ९, लाइट बिल ४, रंगाई ३, मागांचा घसारा २, बँकेचं व्याज २. बेरीज ५६. नफा ४ लाख. टॅक्स सध्या बाजूला ठेव. आता घरात ४ लाख आले का? बघू. घसारा हा खर्च लिहिला पण खिशातून कुणाला दिला नाही, म्हणून तो परत मिळव, ६ झाले. पण वर्षाच्या सुरुवातीला पार्ट्यांकडे येणं होतं ८ लाख, शेवटी १५ लाख. म्हणजे विकलेल्या मालाचे ७ लाख अजून हैदराबाद-मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या खिशात. ते वजा कर, राहिले उणे १. गोडाऊनमध्ये माल ५ लाखांचा होता तो ७ झाला, आणखी २ अडकले, उणे ३. सूतवाल्याचं देणं ४ वरून ६ वर गेलं, म्हणजे २ लाख त्याचे वापरले, ते अधिक. उणे १ लाख.

तर हा माणूस सीएकडून येतो तेव्हा ४ लाख नफ्याचा कागद घेऊन येतो आणि माझ्यासमोर बसून म्हणतो साहेब लिमिट वाढवून द्या. दोन्ही खरं असतं. तो खोटं बोलत नाही. तुझ्या ४१ कोटी नफा आणि साडेसहा कोटी उणेवाल्या कंपनीचं हेच, फक्त शून्यं जास्त. आता तू शोधायचं की पैसे उधारीत अडकले, मालात अडकले की ॲडव्हान्स म्हणून कुणाला दिलेत. कॅश फ्लोच्या वरच्याच भागात 'वर्किंग कॅपिटल चेंजेस' म्हणून तीन-चार ओळी असतात, त्यात सगळ्यात मोठा कंस कुठला ते बघ आणि त्याच्या मागे लाग.

एक वर्ष उणे म्हणजे कंपनी वाईट असंही नाही बरं का, धंदा वाढताना माल आणि उधारी वाढतेच. पण वाढ किती आणि उधारी किती हे बघ. वरच्या टॉवेलवाल्याची आदल्या वर्षीची विक्री ५२ लाख धर. विक्री वाढली पंधरा टक्के, उधारी वाढली जवळजवळ दुप्पट. दिवसांत काढायचं तर ८ भागिले ५२ गुणिले ३६५, म्हणजे ५६ दिवस, आणि यंदा ९१ दिवस. अर्थ काय? एक तर पार्ट्या पैसे देईनात, नाहीतर यानंच मार्च एंडला माल ढकललाय, 'घ्या हो, पैसे सावकाश द्या' म्हणून. पाच वर्षांचा धंद्यातला कॅश मिळव, पाच वर्षांचा नफा मिळव, शेजारी ठेव. नफा २०० कोटी आणि कॅश ४० कोटी असेल तर खुर्ची सोडून मागे बसायचं आणि विचार करायचा.

मालाबद्दल एक गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात अक्कलकोट रोडला एका गोडाऊनच्या तपासणीला गेलो होतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये ४०० गाठी टॉवेल. दारातून बघितलं तर छान रचलेली थप्पी, दहा लांब, आठ रुंद, पाच थर, मी बाहेरूनच गुणाकार केला, बरोबर ४००. मालकानं चहा मागवला होता. सही करायला पेन काढलं तर आमचा शिपाई, जुना माणूस, हळूच म्हणाला साहेब एकदा वर चढून बघा की. शिडी मागितली तर मालक म्हणाला शिडी शेजारच्यांनी नेलीय. मग मी गाठींवरच पाय देऊन चढलो. आत विहीर! चारही बाजूंनी एकेका गाठीची भिंत आणि मध्ये पोकळ, तळाला मांजर पिल्लं घालून बसलेलं. मोजल्या तर १६० गाठी. चहा तसाच राहिला.

हे बॅलन्स शीटमध्ये कसं दिसतं? सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शेवटचा माल, हा झाला विकलेल्या मालाचा खर्च. शेवटचा माल दहा लाखांनी फुगवला की खर्च दहा लाखांनी कमी, नफा दहा लाखांनी जास्त, एक टॉवेल न विकता. पण पुढच्या वर्षी तोच फुगलेला माल सुरुवातीचा माल होतो, म्हणून विहीर दर वर्षी मोठी करत जावी लागते. त्यामुळे विक्री जागेवर आणि माल दर वर्षी वाढतोय असं दिसलं की मला अजून ते मांजर आठवतं.

आणि कुणी म्हणेल कॅश तर खोटी नसते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे चेअरमन रामलिंग राजू यांचं घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं. पुस्तकात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी होती, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. शिवाय नसलेलंच ३७६ कोटी व्याज 'येणे' म्हणून दाखवलेलं. वर्षानुवर्षं ऑडिट होत असलेली कंपनी. म्हणून बँकेत एवढे पैसे दिसले की मी त्यावर व्याज किती आलं ते बघतो, आणि ते खरंच हातात आलं की नुसतं 'येणे' आहे ते बघतो. हजार कोटी बँकेत आणि व्याज दहा कोटी, तर कुठल्या बँकेत ठेवलेत बाबा, मला पण सांग, मी तिथं कधीच खातं उघडणार नाही.

आर्टिकलशिप_संपेना:

काका एक बारीक दुरुस्ती, रागावू नका. तुमच्या उदाहरणात व्याज २ लाख धंद्याच्या कॅशमधून वजा झालंय. लिस्टेड कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस ७ या हिशोबाच्या नियमाप्रमाणे, बँक-फायनान्स कंपन्या सोडल्या तर, भरलेलं व्याज कॅश फ्लोच्या फायनान्सिंगच्या (कर्ज-भांडवलाच्या) भागात दाखवतात. म्हणजे तोच टॉवेलवाला लिस्टेड असता तर धंद्यातून आलेली कॅश अधिक १ लाख दिसली असती आणि खाली फायनान्सिंगमध्ये उणे २. कर्ज जास्त असलेल्या कंपनीत हा फरक मोठा पडतो, वरची ओळ हिरवी दिसते आणि व्याज खाली लपून बसतं.

सीसी_लिमिट_काका:

बरोबर आहे ताई. आम्ही वहीवाले, व्याज म्हणजे व्याज. पण हे लक्षात घेतलंच पाहिजे.

सूत_आणि_हिशोब:

मी शेअरबिअर घेत नाही. टॉवेलचं युनिट आहे आमचं, मिस्टर उत्पादन बघतात आणि हिशोब माझ्याकडे. पण बॅलन्स शीट मी वाचते, कारण उधारीवर माल देण्याआधी समोरचा पैसे देणार का ते बघायचं असतं. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका मोठ्या शोरूमवाल्यानं आमचे पावणेचार लाख सात महिने लटकवले, फोन केला की अकाउंट्सवाले जेवायला गेलेले. सकाळी दहाला पण जेवायला. तेव्हापासून शिकले.

पार्टी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी कंपनी खात्याच्या साइटवर शंभर रुपये भरून तिचे दाखल केलेले कागद बघता येतात, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मी देण्यांच्या बाजूला बघते. तिथं ट्रेड पेयेबल्सच्या दोन ओळी असतात, एक सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं आणि दुसरी बाकीच्यांचं. पहिली ओळ म्हणजे आम्ही. नोटमध्ये ते देणं किती जुनं आहे त्याचा तक्ता पण असतो. एमएसएमई कायदा २००६ चा, त्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवस. आणि २०२३-२४ या वर्षापासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देईल त्याच वर्षी त्याला तो खर्च धरता येतो. त्यानंतर काही पार्ट्या मार्चमध्ये स्वतःहून फोन करून पैसे द्यायला लागल्या, आणि काहींनी सांगितलं की ताई तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आहे का, असेल तर आम्ही दुसरीकडून माल घेतो. दोन्ही बघितलं.

तर दादा, तू शेअर घेणार असशील तर ही ओळ बघ. छोट्यांचे पैसे वर्षवर्ष दाबून ठेवून जी कंपनी कॅश फ्लो चांगला दाखवते तिचं ते कौतुक नाही. काकांच्या टॉवेलवाल्यानं सूतवाल्याचे २ लाख वापरले तसंच ते. सूतवाला एक दिवस सूत बंद करतो.

कॅमशाफ्ट_प्रेमी:

मशीन शॉपमधला माणूस आहे म्हणून सांगतो, सुरुवातीला बँक, एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), इन्शुरन्स यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं ठेवी म्हणजे देणं आणि कर्ज म्हणजे मालमत्ता, सगळं उलटं वाटतं. ज्या धंद्याचा वास माहितीये तिथून सुरू करा. सोलापुरातल्याच लिस्टेड कंपन्या आहेत की, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे, बालाजी अमाइन्स आहे. शेअर घ्या म्हणत नाही, वाचा म्हणतोय. डिप्लोमावाल्याला कास्टिंग म्हणजे काय, मशिनिंग म्हणजे काय, भट्टीला लाइट किती लागते हे शिकवावं लागत नाही, त्यामुळे पॉवर अँड फ्युएलची ओळ वाचताना डोळ्यासमोर भट्टी दिसते. आणि एकाच कंपनीचे पाच वर्षांचे रिपोर्ट वाचा, पाच कंपन्यांचा एकेक नको. २०२० मधला रिपोर्ट उघडून 'पुढच्या वर्षी हे हे करू' म्हणाले होते ते २०२३ च्या रिपोर्टमध्ये झालं का बघा, सिरियल बघितल्यासारखं होतं.

रिलेटेड पार्टीची नोट पण सोडू नका. प्रमोटरच्या (कंपनीच्या मुख्य मालकाच्या) मेव्हण्याच्या फर्मकडून माल घेतला, त्याच्याच जागेला भाडं दिलं, असलं सगळं तिथं निघतं. बेकायदा असतंच असं नाही, पण कळतं की घर कुणाचं चाललंय.

टॉवेलवाल्याचा_पोरगा:

आठ दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, काकांचं उदाहरण वहीत उतरवून काढलं, तीनदा बेरीज केल्यावर उणे एक आलं एकदाचं.

मग त्या २८४ पानी कंपनीवर परत बसलो. ऑडिटरचं ओपिनियन साफ आहे. कॅश फ्लोमधला सगळ्यात मोठा कंस ट्रेड रिसीव्हेबल्सचा, ५८ कोटी. म्हणजे नफा गेला कुठे ते सापडलं, उधारीत. दिवस काढले तर ७४ वरून ९३. मग नोट उघडली, त्यात उधारी किती जुनी याचा तक्ता आहे, सहा महिन्यांच्या आत, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांच्या वर, असे कप्पे. मी तो मोबाइलवर मोठा करून बघत बसलेलो, तेवढ्यात पप्पा कारखान्यातून आले, जेवायला बसले, भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता विचारलं काय बघायलास एवढं. म्हटलं एका कंपनीचं येणं आहे, कोण किती दिवस थकलंय त्याचा तक्ता. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पप्पा सातवी शिकलेत. मी एकेक कप्पा वाचून दाखवला.

तीन वर्षांच्या वर १९ कोटी म्हटल्यावर हात थांबला त्यांचा. म्हणाले, "हे येणं नाही, हे गेलेलं हाय. मी वहीत असल्याच्या नावावर लाल रेघ मारतो." मग मी सांगितलं की ते १९ कोटी बॅलन्स शीटमध्ये मालमत्ता म्हणून धरलेत. तर म्हणाले रेघ मारली का विचार की त्यांना. आणि उठून स्वतःची वही घेऊन आले, पाठीमागची चार पानं उघडली, तिथं रेघ मारलेल्या पार्ट्या होत्या, एका नावापुढे २००८ लिहिलंय. हे पान मी आजपर्यंत कधी बघितलं नव्हतं. बारा माग चार कसे झाले ते मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आकडा इथं लिहीत नाही.

तर प्रश्न असा की कंपनीनं रेघ मारलीय का हे कुठं बघायचं?

आर्टिकलशिप_संपेना:

त्याच नोटमध्ये तक्त्याच्या आसपास बघा, 'लॉस अलाउन्स' किंवा 'एक्सपेक्टेड क्रेडिट लॉस' अशी वजा ओळ असेल. तीच रेघ. ती १९ कोटींच्या जवळपास असेल तर जुनं येणं मालमत्तेत जवळजवळ धरलेलंच नाही, तुमची शंका फिटली. ती दोन-तीन कोटीच असेल तर उरलेले येतील असं कंपनी म्हणतेय. मग 'डिस्प्युटेड' कप्प्यात किती आहेत ते बघा, म्हणजे कोर्टात गेलेलं किती. आणि मागच्या तीन वर्षांच्या रिपोर्टमध्ये हाच आकडा किती होता तेही.

टॉवेलवाल्याचा_पोरगा:

बघितलं. अलाउन्स ४ कोटी. डिस्प्युटेड काहीच नाही. मागच्या वर्षी तीन वर्षांच्या वरचं येणं ११ होतं, त्याच्या आदल्या वर्षी ६.

सीसी_लिमिट_काका:

वर चढलास की रे गाठींवर.

बाळीवेस_बुल:

नाव सांग की बे कंपनीचं. माझ्याकडे आहेत का बघतो.